संदर्भशोध : न सापडणे आणि नसणे

कोणत्याही रचलेल्या वस्तूविषयी दोन प्रश्न विचारता येतात. ही वस्तू कशाच्या आधाराने उभी आहे, हा पहिला. आणि हिच्या आधाराने काय काय उभे आहे, हा दुसरा. वरवर पाहता ही एकाच प्रश्नाची दोन टोके वाटतात. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वस्तूच्या पोटातच लिहिलेले असते. ग्रंथकार आपण कोणकोणत्या ग्रंथांचे ऋणी आहोत हे प्रस्तावनेत सांगतो. सांगत नसला तरी त्याचा ग्रंथ बारकाईने वाचणाऱ्याला ते उमगते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या ग्रंथाजवळ नसतेच. पुढे कोणी त्याचा आधार घेतला, कोणी त्याचे वाक्य उचलले, कोणी त्याच्याशी न बोलता वाद घातला, हे इतर शेकडो ग्रंथांत विखुरलेले असते. पहिले उत्तर वाचावयाचे असते, दुसरे शोधावयाचे असते.

संगणकाच्या प्रणाली रचणे आणि दुरुस्त करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना हा दुसरा प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारावा लागतो. मोठी प्रणाली म्हणजे हजारो लहान घटकांची एक वसाहत असते. एक घटक व्याज काढतो, दुसरा तारीख तपासतो, तिसरा पत्र छापतो. आणि ज्याला ज्याची गरज पडेल तो त्याला नावाने हाक मारतो. एखाद्या घटकात बदल करावयाचा, त्याचे नाव पालटावयाचे किंवा तो काढून टाकावयाचा, तर त्याला हाका मारणारे कोण कोण आहेत हे आधी कळले पाहिजे. नाही तर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती भलत्याच ठिकाणी मोडतोड करते. म्हणून प्रोग्राम लिहिण्याच्या प्रत्येक चांगल्या अवजारात संदर्भशोधाची सोय ठेवलेली असते. घटकाच्या नावावर बोट ठेवावे, आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या सर्व जागांची यादी मागावी. यादी क्षणात समोर येते. कधी ती लांबलचक असते, कधी दोनतीन ओळींची. आणि कधी ती रिकामी असते. मला जे म्हणावयाचे आहे ते मुख्यतः या रिकाम्या यादीविषयी आहे.

आयुष्याची तीसएक वर्षे मी याच व्यवसायात काढली, तीही बहुतेक पुण्यात. आता झाशीच्या प्रेम नगरातील वडिलांच्या घरी राहतो. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे असा विषय मांडणे काहीसे धिटाईचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु शब्द कोठे कोठे आला हे शोधणे हा त्यांचाही नित्याचा उद्योग असल्यामुळे, दोन्हीकडची अडचण मुळात एकच आहे हे त्यांना पटावे अशी आशा वाटते.

झाशीतील मराठी वस्तीचे दोन थर आहेत. पहिला थर अठराव्या शतकात मराठ्यांच्या सत्तेबरोबर आला. नारो शंकर आणि त्यांच्यानंतरचे नेवाळकर यांच्या आश्रयाने आलेली घराणी किल्ल्याच्या सावलीत, जुन्या शहरात स्थिरावली. दुसरा थर रेल्वेने आणला. इंडियन मिडलंड रेल्वेची गाडी १८८० च्या दशकाच्या अखेरीस झाशीस आली आणि १८९५ मध्ये येथे वाघिणींच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना निघाला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे, अशा दोन्ही काळांत झाशीचा कारभार मुंबईशी जोडलेला राहिला; त्यामुळे बदलीच्या हुकमाबरोबर भुसावळ, नागपूर, कल्याण अशा गावांहून मराठी कुटुंबे येत राहिली. २००३ मध्ये झाशी उत्तर मध्य रेल्वेत गेली आणि तो धागा तुटला. प्रेम नगर ही रेल्वेच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती. येथे दारात बुंदेली, बाजारात हिंदी आणि मोजक्या घरांच्या माजघरात मराठी चालत आली आहे.

माझे वडील त्या कारखान्याच्या भांडारात कारकून होते. सुट्या भागांची कार्डे त्यांच्या ताब्यात असत. प्रत्येक कार्डावर भागाचा क्रमांक, तो ठेवलेल्या खणाचा क्रमांक, आवक, जावक आणि शिल्लक. एखाद्या जातीच्या वाघिणीला कोणकोणते भाग लागतात हे विचारले, तर ड्रॉइंग उलगडून पाहावे, उत्तर तयार असे. परंतु हातात एक पिन घेऊन ‘ही कोणकोणत्या वाघिणींना लागते?’ असे विचारले, तर ते सांगणारा कागद त्यांच्यापुढे नसे. एकच पिन तीन जातींच्या वाघिणींत बसे. तीपैकी दोन जाती रुळांवरून गेल्या तरी तिसरी राहिलेली असे. वडिलांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. कार्डाच्या पाठीवर ते पेन्सिलीने वाघिणींची नावे लिहून ठेवीत. नवे ड्रॉइंग आले की त्यातील भागांची कार्डे काढून प्रत्येकाच्या पाठीवर एक नाव वाढवावयाचे. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि त्याचा मोबदलाही नव्हता.

व्हॅक्युम ब्रेकच्या वाघिणी मागे पडून एअर ब्रेकच्या वाघिणी आल्या, तेव्हा पाठीवरच्या या नोंदींना किंमत आली. रेल्वेच्या भांडारविषयक नियमांत अतिरिक्त साठ्याचे दोन वर्ग केलेले आहेत. चोवीस महिन्यांत ज्या वस्तूची उचल झाली नाही, पण जी लवकरच लागेल असे दिसते, ती एका वर्गात. आणि चोवीस महिन्यांत उचल नाही व पुढील दोन वर्षांत कोणत्याही रेल्वेवर लागण्याचा संभव नाही, ती दुसऱ्या वर्गात, म्हणजे मृत साठ्यात. नियम करणाऱ्याची सूक्ष्म दृष्टी येथे दिसते. ‘उचल झाली नाही’ ही नोंद कार्ड पाहून कोणीही करील. ‘लागणार नाही’ हा निर्णय मात्र कार्डाच्या बाहेर, आणि आपल्या कारखान्याच्याही बाहेर, चौकशी केल्याशिवाय करता येत नाही. एक वाक्य घडलेल्याविषयी आहे, दुसरे संभवाविषयी. या दोहोंच्या मध्ये जी रिकामी जागा आहे तिच्यात वडिलांची पेन्सिल चालत असे.

प्रोग्रामांच्या जगात हीच पाठीवरची नोंद यंत्राने करून घेण्याची युक्ती फार लवकर रूढ झाली. कंपायलरला सांगितले की तो छापील प्रतीच्या शेवटी सर्व नावांची अनुक्रमणी जोडून देई : हे नाव अमुक ओळीत सिद्ध झाले, आणि तमुक तमुक ओळींत वापरले गेले. पण ही सूची एका प्रोग्रामापुरती असे. अनेक प्रोग्रामांतून एखादे नाव हुडकावयाचे तर मजकुरातील अक्षरेच शोधीत जावे लागे. बेल प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास केन टॉम्प्सन यांनी ‘ग्रेप’ नावाचे अवजार त्यासाठी केले, आणि आजही ते सर्रास वापरात आहे. दिलेली अक्षरे ज्या ज्या ओळीत आढळतील ती ती ओळ ते समोर ठेवते. नाव म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही; ते फक्त अक्षरे जाणते. ही उणीव पुढच्या पिढीच्या अवजारांनी भरून काढली. त्याच प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेले ‘सीस्कोप’ हे अशांपैकी एक. ते आधी सर्व मजकूर वाचून एक उलटी सूची तयार करते आणि मग ‘या घटकाला कोण हाक मारते?’ व ‘हा घटक कोणाला हाक मारतो?’ या दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे देते.

अक्षरे शोधणे आणि संज्ञा शोधणे यांतील फरक साहित्याच्या आणि व्याकरणाच्या अभ्यासकाला परका नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘घु’ अशी एक संज्ञा आहे. ‘दा’ आणि ‘धा’ या रूपांच्या धातूंना ती पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात दिलेली आहे. लोकव्यवहारात तिला काही अर्थ नाही. केवळ शास्त्राच्या सोयीसाठी ती घडविली. ती उपयोगात येते ती पुष्कळ पुढे, उदाहरणार्थ सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादात. आता कोणी ‘घु’ हे अक्षर घेऊन सर्व सूत्रे चाळू लागला, तर पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याला ‘लघु’ भेटेल. तेथे अक्षर आहे, पण संज्ञा नाही. अक्षरशोधाने आणलेला हा खोटा पाहुणा ओळखून परत पाठविण्यास व्याकरण यावे लागते. ग्रेप ‘लघु’लाही ‘घु’ म्हणूनच आणून उभे करील. सीस्कोपसारखे अवजार त्याला दारातच थांबवील.

खोट्या पाहुण्याने फारसे बिघडत नाही. थोडा वेळ जातो इतकेच. खरी अडचण याच्या उलट आहे. पाणिनीच्याच पद्धतीत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालू राहते. यालाच अनुवृत्ती म्हणतात. पहिल्या पादातील तिसऱ्या सूत्रात गुण आणि वृद्धी यांचा उच्चार आहे. चौथे सूत्र त्याच दोहोंचा निषेध सांगते, पण त्यात त्यांचे नाव नाही. अक्षरे शोधणाऱ्याच्या हाती चौथे सूत्र कधीच लागणार नाही. आणि ते सुटले तर गुण कोठे होत नाही हेच त्याला कळणार नाही. संदर्भ खरा आहे, बलवान आहे, फक्त लिहिलेला नाही. परंपरेने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अनुवृत्ती तोंडपाठ असते, म्हणून त्याला ती दिसते. यंत्राला ती शिकवावी लागते, आणि किती शिकविली यावर त्याच्या उत्तराचे मोल ठरते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या उद्योगाचे भव्य रूप पाहावयास मिळते. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथे ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत कोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द आणि त्यांची स्थळे टिपणाऱ्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे कित्येक दशके छपाई ‘अ’ या एकाच अक्षराच्या परिसरात चालत राहिली. हे ऐकून हसणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्या चिठ्ठ्यांच्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर आदरच वाटला. संदर्भशोधाची आज जी यादी आमच्या पडद्यावर क्षणात येते, तीच येथे पिढ्यान्‌पिढ्यांनी हातांनी लिहिलेली आहे. शिवाय प्रत्येक चिठ्ठी लिहिणाऱ्याने ‘घु’ आणि ‘लघु’ यांच्यातील निवड स्वतः केलेली आहे. आणखी एक गोष्ट तेथे स्पष्ट असते. कोणते ग्रंथ चाळले, हे त्या कोशाला ठाऊक असते आणि तो ते वाचकाला सांगतो. एखादा शब्द चिठ्ठ्यांत नाही याचा अर्थ तो त्या ग्रंथांत नाही, एवढाच होतो. ‘संस्कृतात नाही’ असे म्हणावयाचे तर जबाबदारी म्हणणाऱ्याची.

हा भेद माझ्या व्यवसायात किती महागात पडू शकतो, हे १९९८ मध्ये जवळून पाहण्याचा योग आला. ते दिवस दोन हजार सालच्या संकटाचे होते. जुन्या प्रणालींत वर्षाची नोंद दोनच अंकांत केलेली असे. ९९ नंतर ०० आले की यंत्र १९०० समजेल, ही भीती होती; आणि त्या दुरुस्तीच्या कामाने भारतातील संगणक-व्यवसायाला मोठा हात दिला. आमच्या गटाकडे परदेशातील एका विमा कंपनीची कोबोल भाषेतील जुनी प्रणाली होती. प्रत्येक प्रोग्राम तपासून दुरुस्त करण्यास खर्च येणार. म्हणून जे प्रोग्राम कोणीच वापरीत नाही ते आधी वेगळे काढावेत, असे ठरले. संदर्भशोधाचे अवजार चालविले गेले आणि ज्यांची यादी रिकामी आली अशांची एक स्वतंत्र यादी तयार झाली. तिच्यात पत्रे छापणारा एक लहानसा प्रोग्राम होता.

आमच्या गटाच्या प्रमुख एक अनुभवी बाई होत्या. रिकाम्या याद्यांची ती यादी त्यांच्यापुढे ठेवली गेली, तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, “अहो, नाही म्हणजे कुठे नाही?”

प्रश्न साधा होता, पण त्याने कामाची दिशा बदलली. अवजाराने फक्त कोबोलचे प्रोग्राम चाळले होते. परंतु रात्री ओळीने चालणाऱ्या कामांचा आज्ञासंच कोबोलमध्ये लिहिलेला नसतो, आणि प्रोग्रामला तेथूनही थेट हाक मारता येते. तो चाळला, तेथेही नाव नव्हते. मग कोबोलमधील हाकेचे दोन प्रकार आठवले. एका प्रकारात ज्याला हाक मारावयाची त्याचे नाव तेथेच अक्षरांत लिहिलेले असते. दुसऱ्या प्रकारात नावाच्या जागी एक चल असते आणि काम चालू असताना जे नाव त्यात येऊन पडेल त्याला हाक जाते. अशा चलांचा माग काढीत मी एका लहान माहितीफाइलीपर्यंत पोहोचलो. तिच्यात देशांचे दोन अक्षरी संकेत होते. मुख्य प्रोग्राम पाच ठरावीक अक्षरांना त्या संकेताची दोन अक्षरे जोडी आणि तयार झालेल्या नावाला हाक मारी. पूर्ण नाव असे कोठे लिहिलेलेच नव्हते. ते दर वर्षी जानेवारीत, काम चालू असताना, काही क्षणांपुरते जुळून येई.

तो प्रोग्राम परदेशात स्थायिक झालेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना वर्षातून एकदा पत्र पाठवीत असे. आपण हयात असल्याचा दाखला अमुक तारखेपर्यंत पाठवावा, अन्यथा वेतन थांबविण्यात येईल, असा पत्राचा आशय. तो प्रोग्राम वगळला गेला असता तर पत्रे गेली नसती. पत्रे न मिळाल्यामुळे दाखले आले नसते. आणि दाखले न आल्यामुळे जिवंत माणसे कागदोपत्री संपली असती. ज्यांच्या घरी कुटुंब-निवृत्तिवेतन येते त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वडिलांच्या पश्चात आई दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करीत असे. एखाद्या वर्षी ताप असला तरी ती रिक्षाने जाई. ‘उत्तर आले नाही, म्हणून माणूस नाही’ असे मानणाऱ्या व्यवस्थेवर तिचा बिलकूल विश्वास नव्हता, आणि तो नसणेच शहाणपणाचे होते.

आपल्या दर्शनशास्त्रांत या प्रश्नाचा विचार फार काटेकोरपणे झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला होते ते घट न दिसल्यामुळे. नैयायिक आणि प्राभाकर यांना हे वेगळे प्रमाण मान्य नाही. तो वाद येथे नको. महत्त्वाचे आहे ते त्या प्रमाणाला लावलेले विशेषण. न दिसणे प्रमाण ठरते ते ‘योग्य’ असेल तेव्हाच. म्हणजे ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हा. भर उजेडात घट दिसला नाही तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर खोली अंधारी आहे एवढेच सिद्ध होते. आमच्या बाईंचा प्रश्न हा योग्यानुपलब्धीचाच प्रश्न होता : नाव असते तर या शोधाला ते दिसले असते काय?

अवजारे त्यानंतर पुष्कळ सुधारली. १९९० च्या दशकात लिनक्सचा प्रचंड मजकूर नावानावांनी जोडून वाचता येईल अशी संदर्भसूची नॉर्वेत तयार झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने, निरनिराळ्या भाषांच्या जाणकार यंत्रणांनी कोणत्याही संपादकाशी एकाच रीतीने बोलावे, असा एक संकेत जाहीर केला. ‘या नावाचे सर्व संदर्भ दाखवा’ ही त्यातील एक ठरावीक विनंती आहे. आज विद्यार्थ्याच्या साध्या यंत्रावरही ती सोय फुकट मिळते, आणि ती व्याकरण जाणते. तथापि जे नाव चालू कामात जुळते, जे माहितीच्या फाइलीत दडलेले असते, जी हाक दुसऱ्याच संस्थेच्या प्रणालीतून येते, ते सर्व अद्याप अंधारातच राहते. म्हणून शहाणे लोक मजकूर चाळून थांबत नाहीत. प्रत्यक्ष कामात घटकाला हाक येते की नाही याचीही नोंद ठेवतात. येथेही एक पथ्य आहे. वर्षातून एकदा जागा होणारा घटक महिनाभर पाहून निर्णय करता येत नाही. पाहण्याची मुदत त्या घटकाच्या फेऱ्याहून मोठी असावी लागते. रेल्वेच्या नियमातील चोवीस महिन्यांचे मर्म मला बऱ्याच उशिरा, या कामात, कळले.

साहित्याच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? झाशीचेच उदाहरण घ्यावे. विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक १८५७–५८ च्या धामधुमीत उत्तरेत होते, आणि झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांनी आपला वृत्तान्त १८८० नंतरच्या दशकात लिहून काढला. ‘माझा प्रवास’ या नावाने तो चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला तो १९०७ मध्ये. आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी वाचकांच्या हाती दिला तो १९६६ मध्ये. दरम्यान १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे राणीचे चरित्र निघाले होते. समजा, १९०० साली कोणी साक्षेपी अभ्यासकाने मराठी मुद्रित ग्रंथांची संपूर्ण सूची केली असती आणि ‘झाशीच्या वेढ्याचा प्रत्यक्षदर्शी मराठी वृत्तान्त’ या सदराखाली शोध घेतला असता, तर त्याची यादी रिकामी आली असती. त्याच्या सूचीत दोष नव्हता. शोधही प्रामाणिक होता. पण त्या वेळी तो ग्रंथ एका घरात, हस्तलिखिताच्या रूपात, होताच. आणि १९६६ पूर्वी ज्यांनी गोडसे यांचा एखादा शब्द हुडकला त्यांनाही वैद्यांच्या हाताखालून गेलेले गोडसेच भेटत होते.

अशी उदाहरणे इतर भाषांच्या अभ्यासकांना आपापल्या प्रांतांत सहज आठवतील. अमुक प्रदेशात अमुक भाषेत काही लिहिले गेले नाही, अमुक काळात स्त्रियांनी लिहिले नाही, अमुक लेखकाचा कोणावर परिणाम झाला नाही, ही सर्व विधाने मुळात रिकाम्या याद्या आहेत. त्या खोट्याच असतात असे नाही. परंतु प्रत्येकीच्या खाली काय चाळले आणि काय चाळता आले नाही, हे लिहिलेले असावे, एवढी मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही. मुद्रित ग्रंथ चाळले पण वह्या नाहीत. पुस्तके चाळली पण पत्रे नाहीत. पुण्या-मुंबईचे चाळले पण झाशी, ग्वाल्हेर, सागर, तंजावर येथील घरे नाहीत, अशी कबुली जोडली की तीच यादी पुढच्या अभ्यासकाला वाट दाखविते. कबुली नसली की ती वाट बंद करते.

हे सर्व तात्त्विक वाटेल, म्हणून सध्या चालू असलेली एक लहानशी हकीकत सांगून थांबतो. प्रेम नगरच्या परिसरातील एका मराठी मंडळाच्या खोलीत पुस्तकांचे कपाट आहे. रेल्वेतून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, पोथ्या, दोन शब्दकोश. देवघेवीच्या वहीतील शेवटची नोंद २०११ ची. खोली लहान आहे, आणि मंडळाची नवी पिढी हिंदी वाचते. तेव्हा पुस्तके रद्दीत देऊन जागा मोकळी करावी असा ठराव आला. ठराव आणणारे माझे शेजारी भले गृहस्थ आहेत. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, “बघा ना काका, चौदा वर्षांत एकानेही पुस्तक नेलेले नाही.”

वहीत पुस्तक घरी नेणाऱ्याचीच नोंद होते. तेथेच बसून वाचणाऱ्यासाठी तिच्यात जागा नाही. मी सगळी पुस्तके काढून पाहिली. एका गाथेत २०१९ सालचे रेल्वेचे तिकीट खुणेसाठी ठेवलेले आढळले. शब्दकोशाच्या एका पानावर कोणी मुलाने बालबोध अक्षरांत मराठी शब्दापुढे हिंदी अर्थ लिहिले होते. एका कादंबरीची शेवटची पाने सुटली होती. ती कोणीतरी अलीकडच्या चिकटपट्टीने पुन्हा बसविली होती. यांपैकी कशाचाही उल्लेख वहीत नव्हता.

सभेत मी एवढेच सुचविले की, उचल झाली नाही आणि लागणार नाही, या दोन गोष्टींचा निर्णय वेगवेगळा व्हावा. कपाटाच्या दारावर एक कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवावी. पुस्तक हातात घेणाऱ्याने फक्त एक रेघ ओढावी, नाव लिहू नये. दोन वर्षे वाट पाहावी. त्या काळात ग्वाल्हेर आणि सागरच्या मंडळांना पुस्तकांची यादी पाठवून त्यांना काही हवे आहे का ते विचारावे. काहींना हे अवडंबर वाटले. पण कोणी विरोध केला नाही. शेजाऱ्यांनीच पेन्सिल आणून दिली.

सागरकडून अद्याप पत्र नाही. ग्वाल्हेरहून तीन पुस्तकांची मागणी आली आहे. कागदावर आजपर्यंत अकरा रेघा पडल्या आहेत. मुदत पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात संपते. तोपर्यंत कपाटाला कुलूप लावावयाचे नाही, असे ठरले आहे.